कठडा हलतोय? आधी त्याचे पाय तपासा



कैरीच्या लोणच्याला बुरशी का येते, यावर चार पत्रं आली आहेत. ती पुढच्या खेपेला घेते. आज एकच पत्र घेतलं आहे, कारण लोणचं आठवडाभर थांबेल, हे थांबणार नाही.

पत्र गिरगावातल्या एका चाळीतून, दुसऱ्या मजल्यावरून आलंय. नाव छापू नका म्हणतात, नाही छापत. त्या लिहितात, "ताई, आमच्या गॅलरीचा लाकडी कठडा हलतो. धाकटा दीड वर्षाचा आहे, कठड्याला धरून इकडून तिकडे पळत असतो. सासूबाई म्हणतात, हे मोलमीनचं सागवान आहे, आमच्या लग्नाआधीपासूनचं, चार खिळे मारा की झालं. आमचे हे म्हणतात, सगळा काढून टाकू आणि लोखंडी ग्रिल बसवू. शेजारचे म्हणतात, कशाला खर्च करता, बिल्डर येतोच आहे. गणपतीत आमच्या गॅलरीत पाय ठेवायला जागा नसते. मी कुणाचं ऐकू?"

पत्र वाचून मी उठले आणि आधी आमचाच कठडा हलवून पाहिला. तुम्हीही आता तेच करणार, ठाऊक आहे मला. करा, पण हे वाचून झाल्यावर करा, कारण कठडा हलवून बघायचीही एक रीत आहे.

बंगलेवाल्यांना कुंपण असतं, आपल्याला कठडा. कुंपण मोडलं तर गाय आत येते. कठडा मोडला तर माणूस बाहेर जातं. आणि कुंपणाला कुणी टेकत नाही, आपला सगळा संसार मात्र कठड्यावर टेकलेला. गोधड्या त्याच्यावर, पावसाळ्यात ओल्या साड्या त्याच्यावर, तुळशीची कुंडी त्याच्या पायाशी, भाजीवाल्याला टोपली खाली सोडायची ती त्याच्यावरून, आणि संध्याकाळी कोपरं टेकून दोन शब्द बोलायचे तेही तिथेच. दादरच्या हिंदू कॉलनीतली बाल्कनी असो, परळ-लालबागच्या चाळीची लांबलचक गॅलरी असो, नाहीतर खोताच्या वाडीतल्या घरांचा पुढचा लाकडी कठडा असो, गोष्ट तीच.

आता आमच्या लालबागच्या चाळीत काय झालं ते सांगते. पंधराएक वर्षं झाली असतील. गणपतीच्या आधी मुलांनी वर्गणी काढली आणि सगळ्या कठड्याला हिरवा ऑइलपेंट मारला. इतका सुरेख दिसायला लागला की येणारा-जाणारा म्हणायचा, वा, नवीन केलात वाटतं! विसर्जनाला चार दिवस होते. मी डबलबेडची चादर पिळून झटकून कठड्यावर टाकली, आणि वरच्या पट्टीसकट तीन दांडे बाहेरच्या बाजूला कलंडले. चादर गेली खाली अंगणात, मी मागच्या मागे बसले. खाली त्या वेळी कुणी नव्हतं, एवढंच. सुतारमामा आले, वाकून बसले आणि दांड्याच्या बुडाला बोटानं दाबलं. बोट आत गेलं. तिथे लाकूड नव्हतंच हो! बाहेरून रंगाची कातडी होती आणि आत ओला भुसा.

तेव्हापासून मी कठड्याचं तोंड बघत नाही, पाय बघते.

लाकडी कठड्याची रचना डोळ्यांपुढे आणा. थोड्या-थोड्या अंतरावर जाड खांब, त्यांच्यामध्ये बारीक दांडे किंवा नक्षीच्या फळ्या, आणि वरून हात टेकायची लांब पट्टी. आपण पट्टीला हात लावतो, म्हणून पट्टी हलली की पट्टी सैल झाली असं वाटतं. पण सगळा जोर जातो तो जाड खांबांच्या पायाशी, जिथे खांबाचा दात खालच्या तुळईत बसवलेला असतो तिथे. पाणी साठतं तेही तिथेच. ओल्या कपड्यांचं ठिबकणं, लादी पुसलेलं पाणी, कुंडीखालची ओल, वरून पागोळ्या. लाकूड ओलं होऊन सुकलं तर त्याला काही होत नाही. ते ओलंच राहिलं की कुजतं.

तेव्हा तपासणीसाठी आपल्या शिवणाच्या डब्यातलं दाभण घ्या. गोधडी शिवायचं, हो, तेच. दाभण नसलं तर पेचकस चालेल. मूल शेजारी द्या, खाली अंगणात कुणी नाही ना बघा, आणि गॅलरीत आतल्या बाजूला खाली बसून एकेका खांबाच्या बुडाशी दाभण टोचा. चांगल्या लाकडात ते जेमतेम शिरतं आणि हाताला कडक लागतं. कुजलेल्या लाकडात ते पावात गेल्यासारखं जातं. चारी बाजूंनी टोचा, बाहेरची बाजू विसरू नका, कारण पाऊस बाहेरून लागतो. मग बत्त्यानं हळूच ठोकून बघा. भरीव लाकूड खणखणीत बोलतं, पोकळ लाकूड बद्द आवाज देतं. बुडाशी पिठासारखा भुसा पडला असेल तर भुंगा लागलाय, मातीच्या बारीक नळ्या चढल्या असतील तर वाळवी.

त्यानंतर हलवून बघायचं, आणि तेही दोघींनी. एकीनं आतल्या बाजूला पाय रोवून पट्टीला हळूहळू दाब द्यायचा. अंगाचा भार टाकायचा नाही, नुसता हातांचा जोर. दुसरीनं खाली बसून खांबाच्या पायाशी बोट ठेवायचं. वर हललं आणि खाली बोटाला काहीच जाणवलं नाही, तर सांधे सैल झालेत. बोटाखाली खांब हलला, तर पाय गेला. आणि खांबाबरोबर लादी किंवा खालची तुळई हलली, तर उठा, आत जा आणि त्या बाजूला कुणालाही उभं राहू देऊ नका.

हे सगळं याच महिन्यात करून घ्यायचं. पावसात लाकूड फुगतं, सांधे आपोआप घट्ट बसतात आणि कठडा उगाच मजबूत वाटतो. मे महिन्यात लाकूड आक्रसतं, तेव्हा तो खरं बोलतो. गौरी-गणपतीच्या आधी श्रावण-भाद्रपदात तपासाल तर फसाल.

आता त्या पत्रातल्या तिघांकडे येते.

सासूबाईंचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्या जुन्या चाळींना जे सागवान वापरलंय, ते बरंचसं ब्रह्मदेशातून जहाजानं आलेलं. म्हाताऱ्या जंगली झाडांचं, आतल्या पक्क्या गाभ्याचं. त्या गाभ्यात तेल असतं, वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही. आज वखारीत मिळणारा साग पुष्कळदा लागवडीचा, लवकर तोडलेला, कडेच्या पांढऱ्या लाकडाचा भाग जास्त असलेला. दिसायला नवा, पण टिकायला जुन्याच्या तोडीचा नाही. म्हणून पाय शाबूत असतील आणि नुसते दांडे सुटले असतील, तर तो कठडा काढून टाकणं म्हणजे पैठणी देऊन भांडी घेणं. चार-पाच दांडे नवे करा, सांधे परत ठोकून घ्या, झालं.

पण "चार खिळे मारा" हे नको. जुन्या सुकलेल्या सागात खिळा ठोकला की लाकूड चिरतं, आणि त्या चिरेतून पाणी आत जातं. तिथे भोक पाडून स्क्रू किंवा आरपार नटबोल्ट लागतो. आणखी एक, कुजलेल्या जागी लांबी भरून वर रंग फासणारे कारागीर असतात. त्यांना चहा पाजा आणि घरी पाठवा.

मधली अवस्था सगळ्यात जास्त वेळा दिसते. खांब वरून उत्तम, पण बुडाचे चार-सहा इंच कुजलेले, आणि खालची तुळई चांगली. अशा वेळी सगळा कठडा बदलायची गरज नाही. कुजलेला भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत कापायचा, तेवढाच नवा सागाचा तुकडा तिरक्या सांध्यानं जोडायचा आणि दोन बोल्ट आरपार घालायचे. किंवा बुडाला दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या देऊन त्या तुळईला बोल्टनं आवळायच्या. आमच्याकडे सुतारमामांनी अकरा खांबांपैकी पाचांचे पाय असे बदलले. ते करताना खांबाचं बूड लादीपासून बोटभर वर ठेवलं, पाणी खालून निघून जावं म्हणून. आज इतकी वर्षं झाली, दाभण अजून शिरत नाही. तुकड्याला लाकूड जुनंच मागा. मुंबईत इमारती पडतच असतात, त्यांचं सागवान जुन्या लाकडाच्या वखारीत येतं. सुताराला सोबत नेलंत तर तो खिळ्यांची भोकं बघून बरोबर निवडतो.

मी विचारलं, मामा, किती पाय गेले म्हणजे नवीन करायचं? ते म्हणाले, निम्मे. निम्म्याहून जास्त खांब बुडातून गेले तर तुकडे जोडत बसण्यात मजुरीच जास्त जाते. मला हा हिशेब पटला.

आता तुमच्या यजमानांची ग्रिल. लोखंडाला मी नाही म्हणत नाही. गॅलरीची जमीन सिमेंटच्या स्लॅबची असेल आणि लाकूड सगळंच गेलं असेल, तर लोखंडच करा. पण गिरगावच्या जुन्या चाळींत गॅलरीची जमीन लाकडी तुळयांवर असते, भिंतीतून बाहेर काढलेल्या. घनफूटभर सागाचं वजन साधारण अठरा-एकोणीस किलो, आणि घनफूटभर लोखंडाचं दोनशेवीसच्या वर. ग्रिलचे गज बारीक असतात हे खरं, तरी आठ-दहा खोल्यांच्या गॅलरीला टोकापासून टोकापर्यंत नक्षीची जाड ग्रिल बसवली की तो सगळा भार त्याच म्हाताऱ्या तुळयांच्या टोकावर येतो. कठडा नवा आणि गॅलरी खाली वाकलेली, असं मी पाहिलंय. म्हणून तुळई तपासल्याशिवाय लोखंड नाही.

शिवाय लोखंडालाही पाय असतातच. गज सिमेंटमध्ये रोवलेले असतात तिथे पाणी साठतं, तांबेरा चढतो, आणि तांबेऱ्याला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. तो सिमेंट आतून फोडतो. दादरला समुद्राच्या बाजूला राहणाऱ्यांना हे मी काय सांगणार, खारं वारं सगळं शिकवतं. तुमची ग्रिल असेल तर गजाच्या बुडाचे पापुद्रे खरवडून बघा. गज वर जेवढा जाड आहे, त्याच्या निम्मा खाली राहिला असेल, तर तो बदलायचाच. नुसता गंज असेल तर तारेच्या ब्रशनं घासून, लाल प्रायमर देऊन, रंग लावून काम भागतं. बुडाभोवती सिमेंटचा छोटा उतार करून घ्या, पाणी थांबणार नाही.

नवीन काहीही करताना तीन गोष्टी मिस्त्रीला आधीच सांगा, नाहीतर तो त्याच्या पुस्तकातली नक्षी दाखवतो आणि आपण भुलतो. उंची जमिनीपासून निदान एक मीटर, म्हणजे सव्वातीन फुटांच्या वर. जुने कठडे पुष्कळदा याहून बुटके असतात, त्यात लादीवर लादी बसवून आपण ते आणखी बुटके करतो. दुसरं, दोन गजांमधून चार इंचांचा चेंडू जाता कामा नये. चेंडू जातो तिथून लहान मुलाचं अंग जातं आणि डोकं अडकतं. तिसरं, आडवे गज नकोत, उभेच हवेत. आडवा गज म्हणजे मुलांना शिडीच. तुमच्या धाकट्याचं वय बघता मी तर सांगेन की कठड्याजवळचं स्टूल, बादली, जुन्या पेपरांचा गठ्ठा आजच उचला. आणि ग्रिल छतापर्यंत नेऊन बाल्कनीचा पिंजरा करणाऱ्यांनो, आग लागली तर बाहेर कुठून पडणार? एक भाग कडीनं उघडणारा ठेवा.

राहिले शेजारी. बिल्डर येतोच आहे!

हे वाक्य गिरगाव ते परळ किती वर्षं ऐकतोय आपण? माझ्या माहितीतल्या एका चाळीत ज्यांच्या बारशाला हे बोललं गेलं, त्यांची लग्नं झाली. मी पुनर्विकासाच्या विरोधात नाही, बरं का. संडासासाठी गॅलरीच्या टोकापर्यंत जायचं आणि रांग लावायची, हे ज्यांनी केलंय त्यांना स्वतःच्या ब्लॉकचं मोल ठाऊक आहे. पण वेळेचा हिशेब करा. वरळीच्या बी.डी.डी. चाळी घ्या. सरकारनं स्वतः अंगावर घेतलेलं, म्हाडाकडे सोपवलेलं काम. त्याचं भूमिपूजन एप्रिल २०१७ मध्ये झालं, आणि पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या लोकांच्या हातात पडल्या ऑगस्ट २०२५ मध्ये. भूमिपूजनानंतर आठ वर्षं, आणि तीही पहिल्या तुकडीला. तुमच्या चाळीचं अजून भूमिपूजनही नाही. तेवढ्यात तुमचं मूल दीड वर्षाचं दहा वर्षांचं होईल, आणि ती सगळी वर्षं ते याच कठड्याशी खेळणार आहे.

मात्र शेजाऱ्यांचं अर्धं म्हणणं हिशेबात धरायलाच हवं. समजा, पाय बदलून दुरुस्तीला चार हजार लागले आणि ती पाच वर्षं टिकली, तर वर्षाला आठशे. नव्याला अठरा हजार लागले आणि तो वीस वर्षं टिकणार असला, तर वर्षाला नऊशे. आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमच्या सुताराचे तुम्ही घाला. इमारत खरोखर वीस वर्षं उभी राहणार असेल तरच नवा कठडा परवडतो. करार झालाय, संमतीपत्रं गेलीत, पाच-सात वर्षांत खाली करावं लागेल असं दिसत असेल, तर दुरुस्तीच शहाणपणाची. बिल्डर येणार म्हणून नवं करू नका, हे ठीक. पण काहीच करू नका, हे कुठून आलं?

आता पैसे कुणाचे? चाळ पागडीची असेल तर दुरुस्ती घरमालकानं करायची असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १४ प्रमाणे जागा चांगल्या स्थितीत ठेवणं हे त्याचं काम. त्याला किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यायची. तरी त्यानं केलं नाही, तर भाडेकरू एकेकटे किंवा मिळून दुरुस्ती करू शकतात आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतात. पण वर्षाला भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. आता हसू नका. महिना शंभर रुपये भाडं, म्हणजे वर्षाचे बाराशे, चौथा हिस्सा तीनशे. तीनशे रुपयांत सुताराचा चहा आणि बटाटेवडा होतो. तरीसुद्धा नोटीस पाठवाच, सगळ्या भाडेकरूंच्या सह्यांनी, स्पीड पोस्टानं, कठड्याचे फोटो जोडून आणि पोचपावती जपून. उद्या काही वाईट घडलं, तर आम्ही सांगितलं होतं याचा कागद हातात असायला हवा. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

तुळईच गेली असेल, तर मात्र हे घरगुती काम नव्हे, आणि सुतारालाही तिथे हात लावू देऊ नका. ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारतींची जबाबदारी म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे असते. मंडळ दर वर्षी पावसाळ्याआधी पाहणी करून अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करतं. ती यादी बघा, आणि मंडळाच्या तुमच्या विभागाच्या कचेरीत लेखी तक्रार द्या. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातही एक प्रत द्या. गिरगावचा बराच भाग डी वॉर्डात येतो, लालबाग-परळ एफ साउथमध्ये, दादर पश्चिमेला जी नॉर्थ, पूर्वेला एफ नॉर्थ. इमारत तीस वर्षांहून जुनी असेल तर तिची मजबुती इंजिनिअरकडून तपासून घेणं महापालिकेच्या कायद्यानं बंधनकारकच आहे, हेही अर्जात लिहा. कचेरीत एकटीनं जाऊ नका. चौघी-पाचजणी गेलात की खुर्च्या लवकर मिळतात.

आणि शेजारणींना एकत्र करायचं काम तुम्हालाच करावं लागेल. पुरुषमंडळींची मीटिंग झाली की बिल्डरवर घसरते. आमच्याकडे कसं झालं सांगते. मी एका दुपारी दाभण घेऊन टोकापासून टोकापर्यंत गेले. ज्या-ज्या घरापुढचा खांब कुजला होता, तिथे त्याच बाईच्या हातात दाभण दिलं आणि म्हटलं, तुम्हीच टोचा. दुसऱ्या दिवशी वर्गणी जमली. बंद खोल्यांच्या पुढचा भाग कुणी करायचा यावर वाद झालाच. आम्ही तोही सगळ्यांत वाटून घेतला, कारण वरची पट्टी एकच आहे. एका ठिकाणी ती सुटली की शेजारच्या चार खांबांना घेऊन जाते. सुताराचा दर फुटावर ठरवा, रोजावर नको, आणि दोघांकडून भाव घ्या.

काम पाऊस लागायच्या आत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उरका. नव्या लाकडाला निदान प्रायमरचा हात देऊन ठेवा. ओल्या लाकडावर रंग लावला तर ओल आत कोंडते, म्हणून शेवटचा रंग दिवाळीनंतर, लाकूड सुकल्यावर. जुना रंग खरवडताना मुलांना लांब ठेवा आणि कोरडा घासू नका, पाणी मारून घासा. घरगुती रंगात शिसं किती असावं यावरची कडक मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत ते पुष्कळ असू शकतं आणि लहान मुलांच्या मेंदूला ते वाईट. खरवडलेली भुकटी ओल्या फडक्यानं पुसून, पुडी बांधून टाकायची, झाडूनं उडवायची नाही.

शेवटी गणपती. तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते. इंजिनिअर लोक घरगुती कठड्याला मीटरभर लांबीमागे पाऊणशे किलोंचा आडवा दाब धरतात. विसर्जनाच्या दिवशी गिरगावच्या गॅलरीत काय होतं? पाहुणे, पाहुण्यांचे पाहुणे, तीन रांगा, पुढच्या वाकलेल्या आणि मागच्या त्यांच्यावर रेललेल्या. लालबागला श्रॉफ बिल्डिंगची पुष्पवृष्टी बघायला लोक कसे झुकतात ते पाहिलंय ना? तेवढ्या भाराचा विचार जुन्या सुतारानं केला नव्हता. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती १८९३ साली गिरगावातच, केशवजी नाईकांच्या चाळीत बसला, पण तेव्हाची गर्दी आजच्यासारखी नव्हती.

तेव्हा दुरुस्ती झाली असली तरी त्या दिवसापुरतं एक करा. मांडववाल्याकडून जाड बांबू आणा आणि कठड्याच्या आतल्या बाजूला, हातभर अंतर सोडून, गॅलरीच्या छताला आधार देणाऱ्या मोठ्या खांबांना कमरेच्या उंचीवर सुंभानं घट्ट बांधा. कठड्याच्या खांबांना बांधू नका, नाहीतर काय उपयोग! मुलांसाठी त्याच्या खाली एक बांबू आणखी. पाहुणे बांबूला टेकतील, कठड्याला नाही. नायलॉनची जाळी लावून समाधान मानू नका, ती चेंडू आणि फार तर मांजर अडवते. आणि कुणाला किती जणांना बोलवायचं ते आधी ठरवा. आमच्या गॅलरीत आता खोलीमागे चार पाहुणे असं ठरलंय. पहिल्या वर्षी माझ्या नणंदेनं तोंड फुगवलं होतं, पण तिच्या पाचव्या पाहुणीला आम्ही खिडकीत बसवलं.

तर गिरगावच्या मैत्रिणी, उद्या दुपारी दाभण काढा. तुमच्या घरापुढे खांब किती आणि त्यांतले किती टोचले गेले, एवढंच एका कार्डावर लिहून पाठवा. नवीन की दुरुस्ती ते मग नक्की सांगते. तोपर्यंत धाकट्याच्या वाटेत दाराला आडवी फळी लावा, आणि ओल्या गोधड्या कठड्यावर नकोत, आत दोरीवर.

लोणच्याच्या बुरशीचं पुढच्या अंकात.